शहरं, घरं, आठवणी यावर काम करणारा आजचा कोणी कलाकार सांगा. आमचं कोकणातलं घर मोडणारेत, त्यातून काही सुचेल का?

दो हो सुह. आधी यालाच बघा. १९६२ चा जन्म, सोलचा. न्यूयॉर्कला राहायला गेला तर आवाजाने झोप लागेना आणि आठवायची ती सोलच्या घरातली शांत झोप, म्हणून पठ्ठ्याने त्या घराची मापं काढून ते दारंखिडक्यांसकट पातळ रेशमी कापडात शिवलं, छताला टांगायचं आणि घडी करून बॅगेतून न्यायचं! हे १९९९ चं.

तुमच्या कामाचं मात्र पुढचंय. न्यूयॉर्कच्या ज्या फ्लॅटमध्ये तो १९९७ पासून राहिला तो सोडायच्या वेळी भिंती, स्विच, नळ, बिजागऱ्या सगळ्याला कागद चिकटवून वरून रंगीत पेन्सिल घासली. आपण नाण्यावर कागद ठेवून घासायचो ना, तेच. नाव रबिंग/लव्हिंग, कोरियन तोंडात दोन्ही शब्द सारखेच येतात म्हणून. सोलचं घर तर बाहेरून अख्खंच तुतीच्या कागदात गुंडाळलं होतं.

हे वाचून मी गुहागरकडचं आमचं घर मोडायच्या आधी चार दिवस हेच करत बसलो. आत्या म्हणाली, मयताला गुंडाळल्यासारखं काय घर गुंडाळतोस मेल्या.

चिऱ्याच्या उघड्या भिंतीच्या नादी लागू नका, कागद फाटतो. सारवलेल्या जमिनीचं काहीच उठत नाही, फार वाईट वाटतं. पण लाकूड! पतंगाचा कागद, मेणाचे खडू आणि कागद ताणून धरायला एक पोरगं, बस. माजघराच्या चौकटीवर कडीने घासून घासून पडलेला अर्धगोल खळगा मी चाळीस वर्षं बघितला नव्हता, तो कागदावर पहिला आला. उंची मोजायच्या रेघा पेन्सिलीच्या होत्या त्या अजिबात नाही आल्या, फक्त एक आली, ती कोणीतरी कोयत्याने मारलेली (मीच असणार).

आणि एक, मे महिन्यात करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका. माझे निम्मे कागद आगोटात बुरशीने गेले, बाकीचे आता सुती कापडात आहेत.

तुळयांच्या टोकांना सुताराच्या पटाशीच्या खुणा निघाल्या, एक रेघ, दोन रेघा, कुठली कुठे बसवायची त्याच्या. कोरियातली जुनी लाकडी घरं पण अशीच सुटी करून दुसरीकडे नेता येतात म्हणे, सुह तेच सांगत असतो. आमची दोन रेघांची तुळई चुलत्याच्या गोठ्याला लागली. गणपतीत गेलो तेव्हा कागद घेऊन गेलो होतो, वर चढून लावून बघितला. बरोबर बसला, फक्त तुळई उलटी घातलीय.