लंडनचं घड्याळ एक तास मागे जातं तेव्हा

प्रश्न : मी 29 वर्षांचा, इचलकरंजीचा. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत काढली. आता लंडनच्या एका वृत्तपत्र कंपनीच्या डेटा टीममध्ये कायम घरून काम करायची ऑफर आली आहे. मित्र म्हणतात, लांब बसलेल्याला कंपनी विसरते. शिवाय पेपरवाल्यांकडे नुसते क्लिक मोजायचे, त्यात कसलं आलंय इंजिनीअरिंग! आई-वडिलांना तर ही नोकरीच वाटत नाही. तुम्ही कोल्हापुरात बसून नऊ वर्षं हेच काम करताय, म्हणून विचारतो. घेऊ का?

उत्तर : आई-वडिलांचं सोडा, ते होतं. माझ्या सासूबाई पहिली दोन वर्षं ऐन मीटिंगमध्ये दार ढकलून ‘जरा गॅस बारीक कर गं’ म्हणायच्या. एक दिवस मी आतून कडी लावली. दोन दिवस अबोला, मग सवय.

मित्रांचं ‘नुसते क्लिक’ मात्र मला झोंबलं. 2019 ची दिवाळी आठवा. नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं, रविवारी, 27 ऑक्टोबरला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडनचं घड्याळ एक तास मागे घेतात, म्हणजे रात्री एक ते दोन हा तास तिथे दोनदा येतो. ते घडलं तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी उटणं लावून पाटावर बसले होते. ‘कुठल्या तासाला किती वाचक’ हा तक्ता माझा, आणि त्यात वेळ मी लंडनची स्थानिक धरलेली. दोन्ही तासांचे वाचक एकाच ओळीत जमा झाले.

सोमवारी रात्रपाळीच्या संपादकाचा निरोप : रात्री एकला वाचक दुप्पट कसे? कुठली बातमी चालली? तो त्यावरून रविवारच्या बातम्यांची वेळ बदलायच्या बेतात होता. मी तासभर कोड चाळत बसले, मग कॅलेंडर बघितलं आणि कपाळावर हात मारला. मार्चमध्ये उलटं झालं असतं. तेव्हा तिथे घड्याळ एक तास पुढे करतात, तो तास येतच नाही, म्हणजे तक्त्यात शून्य, आणि साइट बंद पडली म्हणून रविवारी सकाळी साऱ्यांचे फोन खणखणले असते. आता वेळ यूटीसीमध्येच, म्हणजे कधीच मागेपुढे न होणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत साठवायची आणि दाखवताना बदलायची, हे शहाणपण पुस्तकात पहिल्या पानावर असतं. मला ते दिवाळीत मिळालं.

असे खड्डे या कामात पावलोपावली आहेत. एकाच बातमीचा मथळा दिवसात दहा वेळा बदलतो. वाचकाने नेमका कुठला मथळा बघून ती उघडली? माग ठेवायला ‘नाही’ म्हणणारा वाचक मोजला जात नाही. 25 मे 2018 पासून युरोपात लोकांची खाजगी माहिती जपणारा जीडीपीआर कायदा लागू आहे, ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही तो बहुतांशी तसाच ठेवला. मग साइटवरची परवानगी विचारणारी चौकट नुसती हलवली तरी आकडा घसरतो, आणि वाचक घटले म्हणून वर बोंब होते.

आता विसरण्याचं. साहेब विसरेल ही भीती मलाही होती. पण मला खरं अंतर जाणवलं ते आकडा वापरणाऱ्या माणसापासूनचं. ऑफिसात असते तर तो संपादक चहा घेताना सहज बोलला असता. त्या दिवाळीनंतर मी त्याच्याशी दर सोमवारी अर्धा तास फोन ठरवून घेतला. साहेबाशी नाही, त्याच्याशी. आणि त्या घोळावर एक पान लिहून ठेवलं, माझी चूक माझ्या नावानिशी. टीममध्ये नवीन कोणी आलं की ते पान वाचून मला निरोप पाठवतं.

वेळेचं म्हणाल तर उन्हाळ्यात दीड ते साडेनऊ, हिवाळ्यात अडीच ते साडेदहा. बरंय. पण बातमी वेळ बघून येत नाही. 8 सप्टेंबर 2022 ला राणी एलिझाबेथ गेल्याची घोषणा झाली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, गल्लीत मंडळाची मिरवणुकीची तयारी, ढोल चालू. आणि इकडे वाचकांचा असा लोंढा की संपादकांच्या पडद्यावरचे आकडे मागे पडायला लागले. एका कानात हेडफोन, दुसऱ्या कानावर उशी, असं पहाटे तीनपर्यंत. 4 जुलै 2024 च्या निवडणुकीचे एक्झिट पोल आपल्या रात्री अडीचला आले, पण ती तारीख आधी ठाऊक होती, पाळ्या लावता आल्या.

तेव्हा होकार देण्याआधी विचारा : रात्रीची पाळी कोणाकोणात वाटली आहे? टीममध्ये आणखी कितीजण लांबून काम करतात? बाकी सगळे एका खोलीत आणि तुम्ही एकटेच पडद्यावर, असं असेल तर मी घेणार नाही. निर्णय तिथे जेवताना होतात, तुम्हाला आठवड्याने कळतात.

इन्व्हर्टर घ्या आणि दुसऱ्या कंपनीचं इंटरनेटही. ऑगस्ट 2019 च्या पुरात दोन्ही उपयोगी पडलं नाही हा भाग वेगळा. लाईटच नव्हती, मी चार दिवस सरळ रजा टाकली.

त्यांचं भारतात ऑफिस नसेल तर बहुधा कंत्राटदार म्हणून घेतील : पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, कर तुमचा तुम्ही भरायचा. नोटीस किती दिवसांची ते करारात बघा. आणि सही करण्याआधी कागद तुमच्याच गावातल्या सीएला दाखवा, पण कापड निर्यात करणाऱ्यांची कामं बघणारा गाठा. परदेशातून येणाऱ्या पैशाची कागदपत्रं त्यांना पाठ असतात.