तुमची रात्रपाळी कोण ठरवतं?

कोल्हापूरजवळच्या एका गावातून एका वडिलांचं तीन पानी पत्र आलं आहे. ते स्वतः शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत सुपरवायझर आहेत, गावाकडे दीड एकर ऊस आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीला ८८ पर्सेंटाइल. तिला देशाच्या विजेचं नियोजन शिकायचं आहे. पुढच्या तीस वर्षांत वीज कुठून येणार, कुणाला कधी मिळणार, हा तिचा विषय. वडील लिहितात, ‘असली नोकरी नसते. पॉलिसी करायची तर आधी कलेक्टर हो म्हणावं.’ त्यांनी पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची सीट बघून ठेवली आहे आणि त्यासाठी दहा गुंठे विकायची तयारी आहे. सोबत तिच्या एका वहीच्या दोन पानांचा फोटो जोडलाय, ‘परीक्षेच्या वर्षात हे उद्योग केले’ याचा पुरावा म्हणून. ‘तिच्या डोक्यातलं खूळ काढा’ अशी विनंती आहे.

नमस्कार,

खूळ काढायचं काम मी करणार नाही. तिच्या मार्कांचीही मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती दुसऱ्या पानावरच्या एका ओळीची. ‘दोन महिने झाले, नीट जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, पण ते निकालाचं टेन्शन असेल.’ आणि लगेच पुढच्या ओळीत फी किती आणि हप्ते किती. तुम्ही ही ओळ जाता जाता लिहिलीत. माझ्यासाठी पत्र तिथंच थांबलं.

दहा गुंठ्यांचं तुम्ही तिच्या कानावर घातलंच असणार. ‘तुझ्यापायी रान काढतोय’ हे वाक्य घरात एकदा उच्चारलं की ते रोज ताटात वाढलं जातं, बोला किंवा न बोला. अशी मुलं माझ्यासमोर येऊन बसलेली आहेत. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहतात, पण घरी सांगायची छाती होत नाही. विषय राहिला म्हणजे रान बुडालं, असा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का झालेला असतो. मग ती खोटं बोलू लागतात, किंवा बोलायचीच थांबतात. तुमची लेक कॉलेजात जायच्या आधीच थांबली आहे. तेव्हा प्रवेशाचा विषय आठवडाभर बाजूला ठेवा. तिच्याशेजारी बसून जेवा. रान विकणार नाही, हे तुमच्या तोंडून तिला स्पष्ट ऐकू द्या. तरीही जेवण-झोप सुधारली नाही तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं. यात कमीपणा काही नाही.

आता वहीबद्दल. फोटो मोठा करून मी ती पानं ओळ न् ओळ वाचली. उभे रकाने आखलेत: तारीख, पंपाला लागणारी थ्री फेज वीज कधी आली, कधी गेली, स्टार्टरच्या पेटीवरचं व्होल्टेज, पंप किती मिनिटं चालला. शेवटच्या रकान्यात आजोबा पाणी पाजायला किती वाजता उठले ते. एका रात्री ‘१.४०’ आणि पुढं बारीक अक्षरात ‘गवा आला, पाणी अर्धवट’. दोन पानांत एकही दिवस गाळलेला नाही. तुम्हाला यात वाया गेलेला वेळ दिसला. मला एका कृषी फीडरची, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीची, व्यवस्थित नोंद दिसली, आणि विजेचं नियोजन अशाच नोंदींपासून सुरू होतं. २०२२ साली कोल्हापुरात महावितरणच्या दारात शेतकरी दिवसा दहा तास विजेसाठी धरणं धरून बसले होते. त्यांची मागणी काय होती, ते या शेवटच्या रकान्यात लिहिलेलं आहे.

‘असली नोकरी नसते’ म्हणता, म्हणून तुम्हालाच विचारतो. तुमची रात्रपाळी कोण ठरवतं? मालक ठरवतो, बरोबर. पण भट्टी रात्री लावावी, जास्तीत जास्त हीट, म्हणजे धातू वितळवायचे घाणे, रात्रीच काढाव्यात, हे मालकाला का परवडलं? कारण कित्येक वर्षं उद्योगांना रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे सवलत होती. ती सवलत कलेक्टरनं दिली नव्हती. २००३ च्या वीज कायद्याखाली महाराष्ट्र वीज नियामक आयोग दर ठरवतो. वीज कंपनी प्रस्ताव मांडते, त्यावर जाहीर सुनावणी होते, कुणीही ग्राहक हरकत घेऊ शकतो. त्या प्रस्तावामागे मागणीचा अंदाज बांधणारे, वीज खरेदीचे करार तपासणारे, आकडे खोडून काढणारे लोक असतात. आयोगात असतात, कंपन्यांत असतात, विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्रात असतात, विजेच्या धोरणाचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थेतही असतात. त्यांच्यात इंजिनिअर आहेत, अर्थशास्त्राचे आहेत, वकील आहेत. यूपीएससी हा त्यातला एक रस्ता, एकमेव नव्हे. आता दुपारी सौर वीज मुबलक होऊ लागली आहे, म्हणून सवलत दिवसाच्या तासांकडे सरकते आहे. उद्या तुमची पाळी बदलली तर ती अशाच कुणाच्या तरी आकडेमोडीतून बदललेली असेल.

आणि ही आकडेमोड सोपी नाही. २०२५ मध्ये देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत, म्हणजे उभारलेल्या सगळ्या प्रकल्पांच्या ताकदीत, कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. पण क्षमता म्हणजे तयार झालेली वीज नव्हे. प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, कारण सूर्य संध्याकाळी मावळतो आणि दिवे तेव्हाच लागतात. उसाचा पंप दुपारी चालवला तरी उसाचं काही बिघडत नाही. म्हणून शेतीची मागणी दुपारच्या उन्हाखाली आणायची, ही सौर कृषी वाहिनी योजनेमागची कल्पना आहे. संध्याकाळसाठी कोयनेची जनित्रं काही मिनिटांत चालू होतात, पण विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला राज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे, आणि त्याच पाण्याकडे धरणाखालचा शेतकरीही डोळे लावून असतो. आपल्या साखर कारखान्यांची बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, वीज मुख्यतः गळीत हंगामातली. जनित्र किती वेगानं चालू होईल हे शास्त्र सांगेल, पण पाणी कुणाच्या वाट्याचं हे शास्त्र सांगत नाही. दोन्ही बाजू समजणारी माणसं कमी आहेत. देशानं २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेऊ, असं जाहीर केलंय, म्हणजे हे काम तुमच्या लेकीच्या निवृत्तीपर्यंत पुरेल.

प्रवेशाचं थोडक्यात. कॅप राउंडला, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीला, कोल्हापूर-सांगलीच्या कॉलेजांत इलेक्ट्रिकल पहिल्या पसंतीला भरा. घरून जाऊन-येऊन होईल ते उत्तम. ‘रिन्यूएबल’ नाव लावलेल्या नव्या महागड्या पदव्यांच्या मागं लागू नका, पाया इलेक्ट्रिकलचाच पक्का होतो. तिला गणित आवडत असेल तर बीएस्सी संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्रही चालेल, हे मी मनापासून सांगतो. धोरणाचं शिक्षण पदव्युत्तरला. तेव्हा आयआयटी मुंबईचा ऊर्जा विभाग, दिल्लीची टेरी ही ऊर्जा-पर्यावरणाची संस्था, पुण्याचं अर्थशास्त्राचं गोखले इन्स्टिट्यूट बघता येईल. पगाराचं खरं सांगायचं तर सुरुवातीला आयटीतल्या मुलांपेक्षा कमी मिळेल, आणि पहिली दोन-तीन वर्षं नातेवाइकांना कामाचं नाव समजावून सांगावं लागेल. ते तुम्ही सांगा, तिच्यावर टाकू नका.

वही तिला परत द्या. पुढचं पत्र तिच्या अक्षरात येऊ दे, तुम्ही न वाचता पाठवा. आणि एक विचारा तिला: १४ मार्चच्या रात्री थ्री फेज पाच तास होती, व्होल्टेज ३१० लिहिलंय, पंप मात्र शून्य मिनिटं, आणि त्या शून्याखाली दोनदा रेघ ओढली आहे. स्टार्टर उचलत नव्हता, की आजोबा त्या रात्री उठलेच नाहीत?