जुने सिनेमे यूट्यूबवर फुकट असताना लोक तिकीट काढून थिएटरात का बघतात?

तुम्ही विचारलंय की पुण्या-मुंबईत जुने गाजलेले सिनेमे पुन्हा मोठ्या पडद्यावर कुठे लागतात, आणि तेच घरी फुकट मिळत असताना तिकीट काढण्यात काय अर्थ आहे. मी लिहायला बसले ते त्यातल्या 'तेच' ह्या शब्दासाठी. तेच नसतं. आमच्या घरात ह्या एका शब्दावरून झालेलं भांडण तीस वर्षं झाली तरी मिटलेलं नाही.

आमचे आबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मूळचे सातारा जिल्ह्यातले. 'संत तुकाराम' त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत. एकच मशीन, रीळ संपलं की दिवे लागायचे, दुसरं चढवलं की सिनेमा पुढे सरकायचा. नंतर पुण्यात छापखान्यात नोकरी लागली आणि प्रभात टॉकीजला तो पुन्हा लागला की आबा जायचेच. किती वेळा पाहिला ते त्यांनाही सांगता यायचं नाही. त्यातलं 'आधी बीज एकले' त्यांच्या मंडळात ठरलेलं, आणि तेही विष्णुपंत पागनीस पडद्यावर ज्या पट्टीत गातात त्याच पट्टीत. ती पट्टी आबांनी थिएटरात बसून कानात भरून आणलेली होती. (हा अभंग तुकोबांचा नाही. शांताराम आठवल्यांनी 1936 सालच्या ह्या सिनेमासाठी लिहिला, चाल केशवराव भोळ्यांची. आबांना हे माहीत होतं. ते म्हणायचे, आठवल्यांच्या हातून तुकोबांनीच लिहून घेतला.)

1991 च्या सुमारास माझ्या थोरल्या भावानं, दादानं, व्हीसीआर घेतला. टीव्हीवर शनिवारच्या मराठी चित्रपटात 'संत तुकाराम' लागला तेव्हा त्यानं तो आबांसाठी मुद्दाम टेप केला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. पुढच्या रविवारी घरात माणसं जमली, वहिनीच्या माहेरचेही होते. आबांना समोर खुर्ची दिली. गाणं सुरू झालं आणि दोन ओळींत आबा म्हणाले, "चढं लागलंय."

दादा म्हणाला, "चढं कसं लागेल? सिनेमा तोच आहे."

आबा उठले, आतून पेटी आणली. टेप मागे घ्यायला लावून सूर धरायला गेले. नेहमीच्या पट्टीत जुळेना. तिच्या वरच्या पट्टीतही जुळेना. पागनीसांचा आवाज दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी अडकलेला. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, कान गेले आता तुमचे." कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. आबांनी भाता बंद केला आणि पेटी आत नेऊन ठेवली. त्यानंतर मंडळातही ते पेटीवर बसायला कचरायला लागले. कुणी नवा माणूस आला की त्याला पुढे करायचे. चाळीस वर्षं पेटी वाजवलेला माणूस.

पुढे मी एका फिल्म क्लबची सभासद झाले. 1997 मध्ये लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात 'संत तुकाराम' लागला, प्रिंटवर, म्हणजे फिल्मच्या रिळांवरून. मी आबांना रिक्षानं घेऊन गेले. टोपी मांडीवर ठेवून बसले होते. गाणं सुरू झालं आणि त्यांची उजव्या हाताची बोटं त्या टोपीवर चालायला लागली. पूर्ण गाणंभर चालत होती. परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलले नाहीत, तोंड मिटून सूर धरून बसले होते. घरी आल्यावर टोपी खुंटीला लावायच्या आधी पेटी उघडली आणि त्यांची नेहमीची पट्टी दाबली. बरोब्बर बसली. माझ्याकडे बघून म्हणाले, "कान आहेत माझे."

पुढच्या आठवड्यात मी एकटीच परत गेले आणि मशीन चालवणाऱ्या काकांना गाठून विचारलं. त्यांना ह्यात नवल वाटलंच नाही. सिनेमाची फिल्म सेकंदाला 24 चौकटींनी (फ्रेमनी) चालते. आपला टीव्ही तेव्हा पाल ह्या प्रक्षेपणाच्या पद्धतीचा, त्याला सेकंदाला 25 लागायच्या. मग टीव्हीसाठी सिनेमा उतरवताना फिल्म सरळ 25 च्या वेगानं पळवायची, हा पाल टीव्ही असलेल्या देशांतला सोपा रिवाज. चित्रात तो फरक डोळ्याला कळत नाही. पण आवाज त्याच फिल्मच्या कडेला छापलेला असतो, तोही तितकाच पळतो. चार टक्क्यांच्या आसपास. तीन मिनिटांचं गाणं सात सेकंद आधी संपतं, दोन तासांचा सिनेमा जवळजवळ पाच मिनिटं आधी. आणि सूर वर जातो, पण पेटीच्या शेजारच्या पट्टीपर्यंत पोचत नाही. आबांची पेटी दोन्हीकडे का जुळत नव्हती ते मला तिथे जिन्यात उभं राहून कळलं.

घरी येऊन दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "असेल. पण एवढ्यानं काय फरक पडतो?"

तुमचा प्रश्न वाचला तेव्हा मला हे वाक्य ऐकू आलं.

फरक पडतो. सूर तर झालाच, आता चित्राचं बघा. साधारण 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे आपले सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत घेतलेले आहेत, रुंदी चार तर उंची तीन. आजचा टीव्ही आणि मोबाईल आडवा, सोळा बाय नऊ. बाजूला काळे पट्टे दिसले की लोकांना पैसे बुडाल्यासारखं वाटतं, म्हणून चित्र ताणून तरी बसवतात, नाही तर वरून-खालून कापतात. कापलं तर चित्राचा चौथा हिस्सा जातो. विठ्ठलाच्या मूर्तीचा मुकुट जातो, फेर धरणाऱ्यांचे पाय जातात. 'संत तुकाराम'च्या दिग्दर्शकांनी, दामले-फत्तेलालांनी, जी चौकट जुळवली ती कुणीतरी बटण दाबून मोडली, आणि ते बघून आपण 'मी पाहिलाय' म्हणतो. माझ्या मते नाही पाहिला.

आता कुठे लागतात ते. पुण्यात संग्रहालयाच्या कार्यक्रमांवर नजर ठेवा, फिल्म क्लबचं सभासदत्व घ्या, आणि वर्षाच्या सुरुवातीला पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो त्यात सिंहावलोकन विभाग सोडू नका. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन जुने सिनेमे दुरुस्त करून दाखवतं. ऑक्टोबर 2022 मध्ये अमिताभ बच्चन ऐंशी वर्षांचे झाले तेव्हा ह्याच लोकांनी त्यांचे 11 सिनेमे 17 शहरांत लावले होते, त्यात मुंबई-दिल्लीबरोबर कोल्हापूरही होतं. मराठा मंदिरचं सगळ्यांना माहीतच आहे, 1995 पासून 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'. आणि आता मल्टिप्लेक्सवालेही जुनं पुन्हा लावतात. 'तुंबाड' 2018 मध्ये आला तेव्हा फारसा चालला नव्हता, सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. त्यातली पुष्कळ माणसं तो आधी घरी बघून आलेली असणार, तरी आली. तुमच्या 'का' चं थोडं उत्तर त्यांच्याकडेही आहे.

एवढंच सांगते की फक्त आठवणी काढायला जाऊ नका. गाणं लागलं की मोबाईल वर करून पडदा टिपणारे लोक मला सहन होत नाहीत. जे नीट बघायला आलात तेच पुन्हा बारीक करून घरी न्यायचं कशाला?

प्रिंट कायम राहते असंही समजू नका. जानेवारी 2003 मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्म (चटकन पेट घेणारी जुनी फिल्म) ठेवलेल्या गोदामाला आग लागली, त्यात जुन्या प्रिंट गेल्या. त्याच आवारात कधीकाळी 'संत तुकाराम' काढणाऱ्या प्रभातचा स्टुडिओ होता. 'आलम आरा' ह्या आपल्या पहिल्या बोलपटाची तर एकही प्रत आज कुठे नाही. सिनेमा 'तोच' राहायला तो मुळात राहावा लागतो.

दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर कुणीतरी खाली येऊन लिहीलच. थिएटरात आता बहुतेक वेळा डिजिटल प्रत असते, फिल्मची प्रिंट क्वचित. डिजिटल नीट केलेली असेल तर वेग 24 च असतो, सूर बिघडत नाही, आणि तशी प्रत तुम्ही घरी मोठ्या टीव्हीवर चित्र न कापता, पट्टे ठेवून बघितलीत तर माझी हरकत नाही. उलट ओरखडे पडलेली प्रिंट आणि फाटका स्पीकर असलेलं थिएटरही मी सोसलेलं आहे. व्हीसीआरची टेपही जुनी झाली की स्वतःच्या मर्जीनं चालते, म्हणजे आमच्या टेपमध्ये त्याचाही थोडा वाटा असेल. आणि यूट्यूबवरच्या सगळ्या प्रती वाईट नाहीत. पण टीव्हीसाठी उतरवलेल्या टेपवरून पुढे गेलेल्या पुष्कळ आहेत. ओळखायचं असेल तर गाण्याशी पेटी लावून बघा. पेटी नसेल तर सिनेमाची मूळ लांबी शोधा. दर तासाला अडीच मिनिटं कमी भरत असतील तर काय झालंय ते तुम्हाला कळेल.

आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस जुनं गाणं ऐकून 'असं नव्हतं' म्हणालं, तर आधी त्याला थिएटरात घेऊन जा. कानांचं नंतर बोला.

आबा 2001 मध्ये गेले. त्या खेळानंतरची चार वर्षं ते मंडळात पुन्हा स्वतः पेटीवर बसायचे. पेटी आता माझ्याकडे आहे, टेप दादाच्या कपाटात आहे, त्यानं ती टाकून दिलेली नाही. गेल्या दिवाळीत मी त्याला सांगितलं, चालू व्हीसीआर कुठून मिळव, मी पेटी घेऊन येते. त्यानं नाही म्हटलं नाही.