युरेनस आणि नेपच्यून शोधताना

सुरुवात युरेनसपासून करावी. त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा; तो जितका मोठा, तितका ग्रह किंवा तारा अंधुक) साधारण 5.7 असल्याने काळोख्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांनीही जेमतेम दिसतो. नेपच्यूनची प्रत मात्र 7.8 च्या आसपास असल्यामुळे त्याच्यासाठी किमान 10×50 ची (दहा पट वर्धनाची, 50 मिमी भिंगांची) द्विनेत्री हवीच. प्रतियुतीच्या, म्हणजे ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असण्याच्या, सुमारास अमावस्येजवळची रात्र निवडा, डोळे अंधाराला सरावेपर्यंत अर्धा तास थांबा आणि नकाशा मंद लाल उजेडातच पाहा.

ग्रह पाहताक्षणी ओळखू येईल, अशी अपेक्षा ठेवू नका, कारण गॅलिलिओनेही डिसेंबर 1612 मध्ये नेपच्यून पाहिला आणि त्याची नोंद तारा म्हणूनच केली. माझ्या मते यावर सर्वांत भरवशाचा उपाय वही-पेन्सिलीचाच आहे: दृष्टिक्षेत्रातले सगळे ठिपके, अगदी अंधुक असलेलेही, जसेच्या तसे मांडून ठेवावेत आणि आठवड्याने तोच भाग पुन्हा काढावा. त्या काळात युरेनस चंद्रबिंबाच्या जवळजवळ निम्म्या रुंदीइतका सरकलेला असतो, तर तारे जागच्या जागी असतात. हे सरकणे स्वतःच्या रेखाटनात दिसते, तेव्हा होणारा आनंद फार मोठा असतो.

दुर्बीण असेल, तर दीडशे पट वर्धनावर युरेनसची इवलीशी निळसर-हिरवट चकती दिसते. तारा मात्र बिंदूच राहतो.