नाण्यांच्या लिलावात पहिल्यांदा जाताय?

पहिल्या लिलावात काहीच घेऊ नका, नुसतं बसा. कोणती शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) कितीला गेली ते कॅटलॉगवर पेन्सिलने टिपत जा; भाव डोक्यात बसतो.

मग:

- लॉट, म्हणजे एका क्रमांकाखाली विकायला ठेवलेलं नाणं किंवा नाणी, आधी हातात घेऊन बघा, भिंगाखाली. घासून चमकवलेलं नाणं फोटोत भलतंच देखणं दिसतं.
- हातोडा पडला तो आकडा म्हणजे बिल नव्हे. वर कमिशन आणि कर. १०,००० ची बोली, कमिशन १५ टक्के असेल तर ११,५०० झालेच, कर वेगळा. तुमची मर्यादा हे धरूनच ठरवा, कागदावर लिहा.

समोरचा चढतोय म्हणून चढू नका. ईर्ष्येपायी दुप्पट भावाने घेतलेली एक शिवराई माझ्या डब्यात अजून पडून आहे. बिल मात्र जपून ठेवा.