पाच लाख लिरांची नोट आणि चार लाखांचे कर्ज

साताऱ्याच्या एका वाचकांचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून १९४४ साली इटलीत लढले. त्यांच्या ट्रंकेत दोस्त राष्ट्रांच्या लष्करी लिरांच्या (लिरा हे इटलीचे युरोआधीचे चलन) काही नोटा सापडल्या आणि त्यातून या वाचकांना युद्धोत्तर इटालियन नोटा जमवण्याचा छंद लागला. १९९७ ची, चित्रकार राफाएलचे चित्र असलेली पाच लाख लिरांची नोट ४५,००० रुपयांना मिळते आहे, ती घ्यावी का, असे त्यांनी विचारले आहे.

सध्या घेऊ नका. ‘निदान दर्शनी मूल्य तरी बँक ऑफ इटली देईलच’ हे विक्रेत्याचे आश्वासन खोटे आहे. १,९३६.२७ लिरांना एक युरो या दराने तिचे २५८ युरो, म्हणजे युरो शंभर रुपयांचा धरल्यास सुमारे २६,००० रुपये होतात, पण ते देणारी खिडकी बंद झाली आहे. नोटा बदलण्याची मुदत फेब्रुवारी २०१२ पर्यंत होती, ती सरकारने डिसेंबर २०११ मध्येच संपवली. २०१५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला, तरी लाभ मिळाला तो त्या मधल्या काळात बँकेकडे मागणी केलेल्यांनाच. आज या नोटेची किंमत केवळ दुसरा संग्राहक देईल तेवढी.

मला खरी काळजी वाटते ती पत्राच्या शेवटी सहज लिहिलेल्या वाक्याची. संग्रहासाठी तुम्ही १५ टक्क्यांनी चार लाखांचे वैयक्तिक कर्ज काढले, हप्त्यासाठी मुलीच्या नावाची दरमहा १०,००० रुपयांची आवर्ती ठेव बंद केली, आणि पाच वर्षांनी तिच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशाला हा संग्रह विकणार आहात. हप्ता साधारण ९,५०० रुपये, म्हणजे पाच वर्षांत ५.७ लाखांची परतफेड. विक्रेता आपल्याच विक्रीच्या निम्म्या भावाने माल परत घेईल असे धरले, तर नुसती बरोबरी साधायला चार लाखांच्या संग्रहाचा बाजारभाव सुमारे ११.४ लाखांवर जायला हवा. ही दरसाल २३ टक्क्यांची वाढ झाली. नोटेवर व्याज नसते, लाभांश नसतो, आणि गरजेच्या महिन्यात गिऱ्हाईक मिळेलच असेही नाही. ती आवर्ती ठेव चालू असती, तर साडेसहा टक्क्यांनीही सात लाख जमले असते.

‘गुंतवणूक संच’ म्हणून तुमच्या माथी ७०,००० रुपयांना मारलेला मिनी-असेन्यींचा, म्हणजे इटालियन बँकांच्या छोट्या धनादेशांचा, अल्बम पाहून तर मला संताप आला. १९७५ च्या अखेरीस इटलीत सुट्या नाण्यांची टंचाई झाली, तेव्हा बँकांनी पन्नास, शंभर, दीडशे लिरांचे छोटे धनादेश छापले आणि १९७८ पर्यंत ते चलनासारखे फिरले. शेकडो प्रकार निघाले, कित्येक तर संग्राहकांवर नजर ठेवूनच काढले गेले, लोकांनी ते हौसेने आणि भाव वाढेल या आशेने साठवले, आणि त्यामुळेच आज बहुतेक प्रकार मुबलक आहेत. पुन्हा छापले जाणार नाहीत म्हणून ते दुर्मीळ, हा युक्तिवाद करणाऱ्याकडून यापुढे काहीही घेऊ नका.

अल्बम आधी विका, तिसरा हिस्सा मिळाला तरी चालेल. नंतरच्या खरेदीतील ज्या नोटांना गिऱ्हाईक मिळेल त्याही काढा, आणि सगळी रक्कम कर्जात भरा. मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क मात्र बँकेला आधी विचारा. हप्ता संपेल त्याच महिन्यात मुलीची ठेव पुन्हा सुरू करा. राफाएलची नोट त्यानंतर, हौसेच्या पैशातून घ्यावी.

आजोबांच्या नोटा विकू नका. लष्करी लिरा प्रचंड संख्येने छापल्या गेल्या, त्यामुळे बाजारात त्यांचे फारसे मिळणार नाही. तुमच्या घरी मात्र त्यांच्या जोडीला आजोबांचे सेवापुस्तक आहे. दोन्ही एकत्र, आम्लरहित पाकिटात, कोरड्या जागी ठेवा, आणि नोटा लॅमिनेट करू नका.