एमजीबी रोडस्टरचा आतला आणि डिकीतला दिवा नीट लागत नाही; पूर्ण वायरिंग बदलावी का?

आपला प्रश्न असा आहे की १९७३च्या एमजीबी रोडस्टरचे (एमजी कंपनीच्या उघड्या छताच्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचे) उजवे दार उघडल्यावर आतला दिवा लागतच नाही, डावे दार उघडल्यावर मंद लागतो, डिकीतला दिवा कधी लागतो आणि कधी नाही. फ्यूज शाबूत आहे, दिव्याच्या होल्डरवर मीटर १२.४ व्होल्ट दाखवतो आणि गॅरेजवाल्यांनी संपूर्ण वायरिंग नवीन टाकायला सांगितले आहे. एलईडी बसवून काम भागेल का, असेही आपण विचारले आहे.

वायरिंग बदलू नका. दोन दिवे लागत नाहीत म्हणून गाडीभर पसरलेली, पुढच्या दिव्यांपासून मागच्या दिव्यांपर्यंत उत्तम चालणारी वायरिंग उपटून काढण्याचा सल्ला जो देतो, त्याला दोष शोधण्याचे कष्ट घ्यायचे नसतात, इतकाच त्याचा अर्थ आहे. हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण माझ्या १९७२च्या एमजीबीबद्दल मला शब्दशः हाच सल्ला मिळाला होता.

मी बर्मिंगहॅममध्ये राहतो. गाडी घेतली तेव्हा तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि पत्रा चांगल्या स्थितीत होता, आधीच्या मालकाने ती नव्याने रंगवूनही घेतली होती. तक्रार होती ती फक्त या दोन दिव्यांची. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे काम करणाऱ्या एका गॅरेजमध्ये ती नेली. तिथल्या गृहस्थांनी डिकी उघडली, एक-दोन वायरी हलवून पाहिल्या आणि सांगितले, की ही लुकासची (ब्रिटिश गाड्यांना विजेचे सामान पुरवणाऱ्या कंपनीची) वायरिंग आहे, तिचे वय झाले आहे, हिच्यात दोष शोधत बसण्यात अर्थ नाही, नवीन हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, टाका. मजुरीसह जो आकडा त्यांनी सांगितला, त्यात या गाडीचे चारही टायर, छताचे कापड आणि पुढचे ब्रेक नवे झाले असते. माझे थोरले मेहुणे सोबत होते आणि त्यांनीही तिथेच मान डोलावली. त्यांचे म्हणणे असे, की लुकासची विजेची कामे पहिल्यापासूनच कच्ची, सगळा इंग्लंड लुकासला काळोखाचा राजपुत्र म्हणतो तो काही उगाच नाही.

हे मत मला मान्य नाही, तेव्हाही नव्हते. याच शहरातल्या लुकासच्या ग्रेट किंग स्ट्रीटवरच्या कारखान्याने ब्रिटनमधल्या जवळजवळ प्रत्येक गाडीला डायनॅमो, स्टार्टर, दिवे आणि स्विच पुरवले. आपल्याकडची अँबॅसिडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका, तीही एमजीबीच्याच घराण्यातली, आणि तिने खड्ड्यांच्या रस्त्यांवर, पावसाळ्यात, गावोगावच्या मिस्त्रींच्या हाताखाली अनेक दशके काम केले. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या आणि त्यांतल्या बऱ्याच आजही मूळ वायरिंगवर धावतात. या वायरिंगचा आराखडा इतका सरळ आहे, की रंग पाहिला की वायरीचे काम कळते. तपकिरी वायर थेट बॅटरीची आणि बिनफ्यूजची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतरची फ्यूजमधून आलेली, लाल मागच्यापुढच्या छोट्या दिव्यांची, काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाणाऱ्या वाटेची. आपल्या कामाची वायर आहे जांभळी: फ्यूजमधून आलेली, किल्ली काढली तरी चालू राहणारी. ती दिव्यापर्यंत येते, आणि दिव्यापासून दारांच्या स्विचपर्यंत जांभळी-पांढरी वायर जाते. स्विच सप्लाय तोडत नाही, तो फक्त अर्थ देतो किंवा काढतो. हे एवढे डोक्यात पक्के असेल तर निम्मे काम झाले.

आता मी काय केले ते सांगतो. सर्वांत आधी हॉर्न वाजवून पाहिला, कारण हॉर्नलाही त्याच जांभळ्या फ्यूजवरून सप्लाय मिळतो. हॉर्न दणदणीत वाजला, म्हणजे फ्यूज आणि त्याच्या पितळी पट्ट्या भार पेलत होत्या. (हॉर्नही रुसलेला असेल तर फ्यूज डोळ्यांनी पाहून समाधान मानू नका. काचेच्या फ्यूजमधली तार अखंड दिसते, पण टोपीतले झाळण सुटलेले असू शकते, आणि पट्ट्यांवर हिरवट थर असतो तो वेगळाच.) मग मी आपल्यासारखाच होल्डरवर मीटर लावला आणि मलाही बॅटरीइतकेच व्होल्ट दिसले. इथेच बहुतेक जण फसतात.

साताऱ्यात माझ्या मामांच्या अँबॅसिडरचे विजेचे काम एक वयस्कर मिस्त्री करत. त्यांच्याजवळ मीटर नव्हता. होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन लांब वायरी, एवढ्यावर ते सगळे दोष काढत. लहानपणी मला ते साधन मागासलेले वाटे. प्रत्यक्षात या कामासाठी ते मीटरपेक्षा सरस आहे. डिजिटल मीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या, एका धाग्यावर टिकून राहिलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. बल्ब मात्र करंट मागतो. ६ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर अर्धा अँपियर घेतो, म्हणजे जळताना त्याचा रोध साधारण २४ ओहम असतो, आणि वाटेतल्या जोडाने त्यात पाच-सहा ओहमांची भर घातली की दोन-अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने घटतो. १२ऐवजी १०.५ व्होल्ट मिळाले तरी जवळपास एक तृतीयांश उजेड जातो. आपल्या १२.४ व्होल्टवरून त्यामुळे काहीच सिद्ध होत नाही.

मीटर वापरायचाच तर बल्ब जळत असताना वापरा. दिवा लावलेला ठेवून मीटरचे एक टोक फ्यूजच्या जांभळ्या टोकावर आणि दुसरे दिव्यापाशी येणाऱ्या जांभळ्या वायरीवर धरा. मीटरची वायर पुरत नसेल तर साधी लांब वायर जोडा. तिथे एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. मग तसेच दिव्याची दुसरी बाजू आणि बॅटरीचे अर्थचे टोक यांच्यामध्ये मोजा. जिथे व्होल्ट सापडतील, तिथे दोष आहे. माझ्या गाडीत सप्लायच्या बाजूलाच तीन व्होल्टांहून अधिक बेपत्ता होते. जांभळी वायर हाताने चाचपत डॅशबोर्डमागे गेलो, तर रेडिओच्या जवळ तिच्यावर एक निळी चिमटा-क्लिप बसवलेली सापडली. रेडिओला कायमचा सप्लाय मिळावा म्हणून कोणीतरी मूळ वायर न कापता, ही क्लिप दाबून तिच्यातून फाटा काढला होता. या क्लिपमधले पाते वायरीचे कवच फोडून आत शिरते आणि बहुतेक वेळा तांब्याच्या काही तारा तोडते. उरलेल्या तारांना दमट हवा लागते आणि त्या हिरव्या, मग काळ्या पडतात. रेडिओच्या स्मृतीला काही मिलिअँपियरच लागतात, त्यामुळे तो बिनतक्रार चालत राहिला आणि संशय त्या जागेकडे कधी गेला नाही. अर्धा अँपियर मागणारा दिवा मात्र तिथेच अडत होता.

हे लुकासचे पाप नव्हते. ॲबिंग्डनमधून बाहेर पडताना त्या वायरीवर असली क्लिप नव्हती.

डिकीतल्या दिव्याचा दोष निराळा निघाला. डिकीतल्या दांड्याच्या स्विचला अर्थ मिळतो तो त्याच्या स्वतःच्या अंगातून, म्हणजे तो ज्या पत्र्यात बसवला आहे त्या पत्र्यातून. गाडी रंगवताना तो काढून ठेवला होता आणि नंतर रंगाच्या जाड थरावर परत आवळला होता. रंगातून वीज कशी जाणार? डिकी आदळली की कुठेतरी धातूला धातू टेकायचा आणि दिवा लागायचा, पुढच्या वेळी टेकायचा नाही. स्विचच्या बैठकीखालचा रंग काचपेपरने धातूपर्यंत घासला, वर व्हॅसलिनचा पातळ लेप दिला आणि स्विच परत बसवला. त्याच वाटेवरचे बुलेट जोड, म्हणजे रबरी नळीत दोन्ही बाजूंनी खुपसलेल्या पितळी टोकांचे जोड, उघडले, टोके घासली आणि नळ्या नव्या घातल्या. क्लिपच्या जागी वायर कापून, झाळून, वर आकसणारी नळी चढवली. सामानाचा खर्च एका साध्या जेवणाइतका आला. दोन्ही दिवे तेव्हापासून व्यवस्थित लागतात आणि हार्नेस अजून मूळचाच आहे. मेहुण्यांचे म्हणणे अजूनही असे, की माझे नशीब चांगले होते. वायरीवर बल्ब लावून एकेक जोड तपासणे याला नशीब म्हणत नाहीत.

आपल्या गाडीबद्दल माझे मत असे. डावे दार उघडल्यावर दिवा मंद का होईना लागतो, त्याअर्थी सप्लाय पोहोचतो आणि दिवाही ठीक आहे. उजवीकडे अजिबात लागत नाही, त्याअर्थी उजव्या दाराच्या स्विचपाशी किंवा त्याच्या वायरीत खंड आहे. तो स्विच दारासमोरच्या खांबात असतो. तो काढताना वायर हातातून सुटून खांबाच्या पोकळीत पडू देऊ नका, आधी तिला दोरा बांधा. वायर सुटी करून ती उघड्या, घासलेल्या पत्र्याला टेकवा. दिवा लखलखीत लागला तर स्विच किंवा त्याच्या स्क्रूखालचा गंज दोषी. मंदच लागला तर सप्लायच्या बाजूला माझ्यासारखीच भानगड शोधा, आणि रेडिओ, अलार्म, मोबाइल चार्जर असे नंतर जोडलेले काहीही असेल तर सुरुवात तिथूनच करा. अजिबात लागला नाही, तर जांभळी-पांढरी वायर त्या बाजूला कुठेतरी तुटली आहे किंवा जोडातून निसटली आहे. डिकीसाठी आधी स्विचची अर्थ पाहा. डिकी बंद केल्यावर दिवा खरोखर विझतो का, हेही मोबाइलचे चित्रीकरण चालू करून आत ठेवून तपासा, कारण ५ वॉटचा दिवा आत जळत राहिला तर दिवसाला सुमारे दहा अँपियर-तास संपवतो आणि आठवडा संपायच्या आत गाडी सुरू होत नाही.

एलईडीने दोष जात नाही, तो झाकला जातो. एलईडीला इतका कमी करंट लागतो की खराब जोडातूनही ती चांगली उजळते, आणि तो जोड पुढे हॉर्न किंवा आणखी कशाला दगा देतो. शिवाय ओलसर स्विचमधून झिरपणाऱ्या क्षीण करंटवरही ती रात्रभर मिणमिणत राहू शकते. दोष काढल्यानंतर हवी असेल तर खुशाल बसवा, पण तिची धन-ऋण बाजू पाहून.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी लिहिलेले १९६७च्या अखेरीपासूनच्या, ऋण अर्थ असलेल्या गाड्यांना लागू आहे, त्याआधीच्या एमजीबीत धन टोक अर्थला असे. वर्षागणिक वायरींमध्ये फरक आहेत, म्हणून आपल्या वर्षाचा नकाशा समोर ठेवा. फ्यूज बदलताना ब्रिटिश ३५ अँपियरचा फ्यूज म्हणजे ३५ला जळणारा आणि सतत १७ पेलणारा, हे लक्षात घ्या, दुसऱ्या देशातल्या मापाचा ३५चा फ्यूज तिथे घालू नका. आणि वायरींचे कवच वितळलेले, जळालेले किंवा हात लावताच तडकणारे असेल, तर मात्र आपले गॅरेजवाले बरोबर आहेत आणि हार्नेस बदलावाच लागेल. व्होल्टेजच्या सगळ्या चाचण्या आधी उरका, नंतर सीटांमागच्या बॅटऱ्यांचे अर्थचे टोक सोडवा आणि मगच डॅशबोर्डमागे हात घाला, कारण तिथून जाणाऱ्या तपकिरी वायरीवर फ्यूज नाही आणि ती पत्र्याला टेकली तर थांबवणारे काही नसते.